वार, बोर्डिंग आणि डबा



मृगाचे दोन पाऊस झाले आणि बारावीचे निकाल लागले, की आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात एक ठरलेले दृश्य दिसू लागते. वडील आणि मुलगा अशी जोडी दाराशी येऊन उभी राहते. मुलाच्या हातात कागदांची फाईल, वडिलांच्या हातात टोपी. मुलगा काही बोलत नाही. विषय कोणते घ्यावेत, पुढे नोकरी लागते काय, हेही वडील पहिल्यांदा विचारीत नाहीत. थोडे इकडचे तिकडचे बोलून झाले की मग आवाज खाली आणून विचारतात, "सर, पोराच्या जेवणाचं हितं कसं काय हाय?"

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला या प्रश्नाचे हसू येई. आता येत नाही. इतिहास शिकवता शिकवता ध्यानात आले, की हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. महाराष्ट्रात खेड्यातला मुलगा कॉलेजात कसा रुळला याचा शोध घेऊ लागलो, तर तो शोध पुस्तकांच्या कपाटापाशी न थांबता थेट स्वयंपाकघरात जातो. कोणाच्या घरी जेवायचे, कोणाच्या पंक्तीला बसायचे आणि पाणी कोणाच्या हातचे प्यायचे, एवढे ठरले की मग अभ्यास. आज तीच हकीकत आपल्याला सांगणार आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याचे पहिले बी. ए. १८६२ साली बाहेर पडले. ते अवघे चौघे होते. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. यांतले रानडे कोल्हापुराहून मुंबईस शिकायला आले ते वयाच्या चौदाव्या वर्षी. कोल्हापूरला तेव्हा आगगाडी नव्हती. घर सोडले की सुटीशिवाय परत जाणे नाही, आणि वर्गात बसावे तर सगळा कारभार इंग्रजीत. आमच्या आजच्या मुलाला पहिले दोन महिने व्याख्यान समजत नाही, तेव्हा तो शेवटच्या बाकावर सरकतो. त्या काळी वर्गात मुलेच इतकी थोडी, की सरकायला शेवटचा बाक तरी असेल की नाही कोण जाणे!

पुण्यास येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेज. त्याची दगडी इमारत १८६८ सालची. या एका कॉलेजात थोड्या वर्षांच्या अंतराने दोन मुले आली. टिळकांची घरची स्थिती बरी होती. प्रकृती मात्र किरकोळ. त्यांनी कॉलेजचे पहिले वर्ष व्यायाम करण्यात, पोहण्यात आणि शरीर कमावण्यात घालवले, अभ्यास बाजूला ठेवला. (ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगताना मी आवाज जरा खाली घेतो, कारण त्यांना तेवढीच लक्षात राहते.) कराडजवळच्या टेंभू गावचे आगरकर आले ते दारिद्र्य बरोबर घेऊन. अंगात एकच सदरा; तो रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचे. ही आख्यायिका आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. एकाला पहिल्या वर्षी तब्येत कमवायला सवड मिळाली आणि दुसऱ्याला सदरा वाळेपर्यंतही सवड नव्हती. पुढे दोघे मित्र झाले, दोघांनी मिळून शाळा काढली, वर्तमानपत्रे काढली, भांडलेही. कॉलेज या जागेचे मला नवल वाटते ते यासाठी, की अशी दोन माणसे तिथे एका छपराखाली येतात.

पण आगरकरांसारख्या गरीब मुलाला पुण्यात दोन घास मिळण्याची काहीतरी सोय होती. तिला 'वार लावणे' म्हणत. सात घरे धरावयाची. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, असा आठवडा पुरा करावयाचा. ज्याला सात घरे मिळाली नाहीत, तो झोळी घेऊन माधुकरी मागे. चार घरचे चार घास एकत्र करून खोलीवर आणावयाचे. हे वाचताना आज आपल्याला ते रम्य वाटते. ज्यांनी ते केले त्यांना ते रम्य वाटले नसावे. यजमानीणबाईंचा चेहरा पाहून दुसऱ्यांदा भात मागावा की नाही हे ठरवणे, सुतकात किंवा पाहुणे आले म्हणजे तो वार चुकणे, आणि तरीही उपकाराचे ओझे! पण या सात घरांत मुलाला आणखी एक गोष्ट मिळे. कोकणातला किंवा घाटावरचा भांबावलेला मुलगा शहरातली बोलचाल, उठणे-बसणे तिथेच शिके. कोणी जुने पुस्तक देई, कोणी चार ओळखी करून देई. शहराशी त्याचे नाते जुळे ते असे.

आता यातली खोच पाहा. वार आणि माधुकरी ही सोय ब्राह्मण मुलांपुरतीच होती. तिच्यामागे धर्माची रूढी होती, आणि रूढीबाहेरच्या मुलाला त्या ओसरीवर पाट मांडला जाणे शक्य नव्हते. कुणब्याचा, धनगराचा, महाराचा मुलगा मॅट्रिक झाला आणि कॉलेजच्या गावी आला, तर त्याला सोमवारचेही घर नव्हते आणि मंगळवारचेही नव्हते. फी माफ झाली, पुस्तके उसनी मिळाली, तरी तो जेवणापायी परत जाणार! बहुजन समाजाची मुले कॉलेजात का दिसत नाहीत, याची मोठमोठी कारणे सांगितली जात. त्यांत हे साधे कारण फार थोड्यांना सुचले.

ते सुचले कोल्हापूरच्या शाहू महाराजांना. १८९६ साली त्यांनी राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले ते सर्वांसाठी होते. व्यवहारात ते एकाच वर्गाच्या मुलांनी भरून गेले, आणि बाकीच्यांना तिथे जागा उरली नाही. मग महाराजांनी दुसरा मार्ग धरला. एप्रिल १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच सुमारास जैन बोर्डिंग निघाले, पुढे मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, लिंगायतांसाठी, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. एकेका जातीने पुढे यावे, महाराजांनी जागा आणि पैसा द्यावा, असा क्रम लागला. आज कित्येक जण विचारतात, की याने जाती पक्क्या नाही का झाल्या? प्रश्न योग्य आहे. पण सर्वांचे एकत्र वसतिगृह त्यांनी आधी करून पाहिले होते, हे विसरून चालणार नाही. जी मुले शहरात यायलाच धजत नव्हती, त्यांना आधी स्वतःचे ताट तर मिळू दे, मग पंगत कोणाची ते पाहू, असा तो हिशोब होता. माझ्या मते त्या घडीला तो बरोबर होता.

मुंबईत काय होते? तिथे राजा नव्हता, रूढी मात्र होतीच. १९०८ साली भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळे कुटुंब. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळू लागली, आणि म्युलर नावाच्या प्राध्यापकांनी त्यांना पुस्तके दिली, कपडेही दिले. मात्र कॉलेजातला उपाहारगृहवाला त्यांना चहा देत नसे, पाणीसुद्धा देत नसे. वर्गात शेक्सपिअर शिकावयाचा आणि मधल्या सुटीत तहान मारावयाची! १९१२ साली ते बी. ए. झाले. परदेशी शिकून आल्यावर १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात ते स्वतः प्राध्यापक झाले, तेव्हाही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यावरून कुरबूर झालीच. या माणसाने पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, त्यात नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले. औरंगाबादची निवड मोलाची होती. निजामाच्या राज्यात मराठवाड्याच्या मुलाला पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे, आणि उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून. घरी मराठी, वर्गात उर्दू, आणि जगाची ओळख इंग्रजीतून, अशी तीन भाषांची कसरत करून तो मुलगा शिकत असे.

मुलींची गोष्ट निराळी आणि तिला निराळे भाषण लागेल. कॉर्नेलिया सोराबजी ही मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर डेक्कन कॉलेजातली. वर्गातली मुले तिच्या तोंडावर दार लावून घेत, एवढे सांगितले तरी पुरे.

आता आपण साताऱ्याकडे वळू. भाऊराव पाटील विद्यार्थी म्हणून कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर, विटाळ झाला म्हणून आंघोळ करा, असे सांगण्यात आले. भाऊरावांनी आंघोळ करायचे नाकारले आणि त्यापायी त्यांना ते बोर्डिंग सोडावे लागले. पुढचे सगळे कार्य या नाकारलेल्या आंघोळीतून निघाले असे मी म्हटले, तर अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नाही. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले, आणि तिथे शाहू महाराजांनी जिथे थांबायचे ठरवले होते, त्याच्या पुढचे पाऊल टाकले. सर्व जातींची मुले एका चुलीवरचे जेवू लागली. महाराचा, मराठ्याचा, मुसलमानाचा, जैनाचा मुलगा आळीपाळीने भाकरी थापी आणि एका पंगतीत बसे. १९२७ साली महात्मा गांधी तिथे येऊन गेले आणि त्यांच्या हस्ते या बोर्डिंगला शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले.

धान्य संपले, की लक्ष्मीबाई आपला एकेक दागिना देत. शेवटी मंगळसूत्रही गेले, हे तर खेड्यापाड्यांतून लोक आजही सांगतात. मला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. वाराच्या मुलाला यजमानीणबाईंचा चेहरा वाचावा लागे. बोर्डिंगच्या मुलाने शेतात खपून, दगड फोडून, लाकडे आणून भाकरी मिळवलेली असे, त्यामुळे तो दुसरी भाकरी मोकळ्या मनाने मागू शके. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते 'कमवा आणि शिका' या पायावर. ही योजना आता आपल्या अनेक विद्यापीठांत आहे. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांच्या मुलांना फी माफ झाली. देवराष्ट्रे गावचे यशवंतराव स्वतः कराडहून राजाराम कॉलेजात गेलेले. फीचा आकडा पालकाच्या छातीत कसा बसतो हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

आणि यानंतर आली ती एसटी. पुणे ते नगर अशी पहिली गाडी १ जून १९४८ रोजी सुटली. शिक्षणाच्या इतिहासात हिचे नाव कोणी घेत नाही. मी घेतो, कारण मी तिच्यावर जगलो. नव्वदीच्या दशकात मी तालुक्याच्या गावी खोली करून शिकत होतो. आई पहाटे भाकऱ्या करी, वडील डबा स्टँडवर नेऊन ड्रायव्हरच्या शेजारी ठेवीत. ॲल्युमिनियमचा डबा, वर कापडी पिशवी, पिशवीवर ऑइलपेंटने नाव. ड्रायव्हर-कंडक्टर कधी पैसे मागत नसत. अकराच्या सुमारास आम्ही पंधरावीस पोरे स्टँडवर उभी असायचो आणि गाडी आत वळली, की धावायचो. गाडी उशिरा आली तर व्याख्यान बुडे. एका प्राध्यापकांनी मला वर्गात उभे करून विचारले होते, "कॉलेजात शिकायला येतोस की जेवायला?" सगळा वर्ग हसला. उत्तर मला तेव्हा सुचले नाही. दोन्हींसाठी, असे म्हणायला हवे होते.

खोलीवर आम्ही चौघे. चौघांचे डबे चार दिशांच्या गाड्यांनी येत. पहिला आठवडाभर जो तो आपल्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून जेवला. एकाच्या डब्यात रोज नुसता ठेचा असे, त्याची त्याला लाज वाटे. दुसऱ्याच्या डब्यात सुकट असे, आणि वास येईल म्हणून तो झाकण पुरते उघडीत नसे. मग एक दिवस एकाची गाडी पंक्चर होऊन आलीच नाही. त्या दिवशी तीन डबे वर्तमानपत्रावर मधोमध आले, आणि पुन्हा कोपऱ्यात गेले नाहीत. कोणाची जात काय, हे आम्हाला पुढे फॉर्म भरताना कळले. मला इंग्रजी व्याख्याने समजू लागली तीही त्याच दिवसांत. सुकटवाला इंग्रजीत हुशार होता.

गेल्या जूनमध्ये असेच एक वडील आले होते. मी त्यांना शासकीय वसतिगृहाचा फॉर्म दिला, कमवा आणि शिकाची माहिती दिली, मेसचे दर सांगितले. ते सगळे त्यांनी नीट ऐकून घेतले. टोपी घातली, उठले, आणि दारातून परत वळले.

"मेस रविवारी सांजच्याला बंद असती म्हनं?"

"हो, असते."

"मग त्या सांजंला ह्यानं काय करायचं?"

मुलगा खाली मान घालून उभा होता. मी त्याला घराचा पत्ता लिहून दिला.