चढणीचे मासे : चार धरा, पण ओहोळ आरपार अडवू नका

मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, ओहोळ वाहायला लागला की नदीतले मासे उलट्या पाण्याने वर चढतात. हेच चढणीचे मासे. ठाणे-रायगडकडे यांनाच वलगणीचे मासे म्हणतात. खवळे, मळये असे कितीतरी मासे अंडी घालायला भातखाचरांपर्यंत येतात. खाचरातलं पाणी उथळ असतं, त्यात पिल्लांना खायला भरपूर आणि मोठ्या माशांचा त्रास कमी. पाऊस ओसरू लागला की वाढलेली पिल्लं पाण्याबरोबर परत नदीत उतरतात.

चढणीच्या माशाचं पोट गाभोळीने टच्च फुगलेलं असतं. चव म्हणूनच, आणि नुकसानही तिथेच. पागाने कालवणापुरते धरले तर ओहोळ रिकामा होत नाही. पण हल्ली आरपार बारीक जाळं लावतात, नाहीतर करंट सोडतात. करंटने लहानसहान सगळं मरतं, पाण्यात उतरलेला माणूससुद्धा जातो. समुद्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तीही विणीसाठीच. मग आपल्या ओहोळाला निदान अर्धी वाट मोकळी ठेवायला काय हरकत आहे?

रात्री बत्ती घेऊन जाणार असाल तर गमबूट घाला. काठच्या दगडांत फुरसं असतं.