चौलला विसावलेला वाटसरू

रेवदंड्याच्या कोटातील भग्न ख्रिस्तमंदिरांच्या भिंती आज नारळी-पोफळीच्या बागांत मूकपणे उभ्या आहेत. खाडीपलीकडे कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी आपल्या ख्रिस्ती बांधवांचे गाव आहे आणि पोर्तुगीज भाषेतून उपजलेली बोली तेथील घराघरांत अजून नांदते आहे. पोर्तुगीज अमलातील हे चौल १७४० साली मराठ्यांकडे गेले. बंदर म्हणून त्याची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु मिशनकार्याच्या इतिहासातील एका अचाट प्रवासाची अखेर याच किनाऱ्यावर झाली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल.

सोळाव्या शतकाच्या शेवटी एका प्रश्नाने येशूसंघीय धर्मगुरूंना पछाडले होते. मार्को पोलोने वर्णिलेला 'खताई' देश नेमका कोठे आहे? तेथे ख्रिस्ती लोक राहतात, असे अकबर बादशहाच्या दरबारातील फादर जेरोम झेवियर यांना एका व्यापाऱ्याकडून कळले होते. उलट, खताई म्हणजेच चीन, असे चीनमधून फादर मातेओ रिची लिहून कळवीत होते. हा वाद कागदावर मिटणारा नव्हता. तेव्हा गोव्याच्या वरिष्ठांनी खुष्कीच्या मार्गाने माणूस पाठवून शोध घेण्याचे ठरविले. निवड झाली ती ब्रदर बेंतो द गोईश यांची. अझोरेस बेटांवर १५६२ साली जन्मलेले बेंतो सैनिक म्हणून हिंदुस्थानात आले आणि गोव्यात येशूसंघात दाखल झाले. धर्मगुरुपदाची दीक्षा त्यांनी घेतली नाही. ते अखेरपर्यंत ब्रदरच राहिले. फारसी त्यांना उत्तम येत असे आणि अकबराचाही त्यांच्यावर लोभ होता.

१६०३ साली, प्रायश्चित्तकाळात, अर्मेनियन व्यापाऱ्याच्या वेषात आणि 'अब्दुल्ला इसाई' हे नाव धारण करून ते लाहोरहून निघाले. वेष बदलला, तरी श्रद्धा लपविली नाही. ती नावातच होती. सोबत लिओ ग्रिमानो नावाचे ग्रीक धर्मगुरू, देमेत्रियस हा ग्रीक व्यापारी आणि लाहोरला बायकामुलांसह राहणारे इसाक नावाचे अर्मेनियन गृहस्थ होते. सुमारे पाचशे माणसांच्या तांड्याबरोबर अटक, पेशावर असे मुक्काम करीत ही छोटी मंडळी काबूलला पोहोचली. वाटेत लुटारूंनी डोंगरावरून दगडांचा वर्षाव केला, त्यात कित्येक जखमी झाले. काबूलला फादर ग्रिमानो यांनी वाटेचे हाल सोसवेनात म्हणून परतीचा रस्ता धरला. देमेत्रियस व्यापारासाठी मागे राहिला. पुढे निघाले ते दोघेच. एक व्रतस्थ ब्रदर, दुसरा प्रापंचिक.

हिंदुकुश ओलांडून, बदक्शानमार्गे ते पामीरच्या पठारावर चढले. तेथील थंडीने बेंतोंचे घोडे मेले. एके ठिकाणी इसाक नदीच्या पात्रात कोसळले आणि सुमारे आठ तास मृतवत पडून होते. बेंतोंच्या शुश्रूषेने त्यांना शुद्ध आली. १६०३ च्या नोव्हेंबरात ते यारकंदला पोहोचले. तेथे वर्षभर थांबून, नव्या तांड्याबरोबर तकलामकान वाळवंटाच्या कडेकडेने ते अक्सू, कुचा आणि कराशहरपर्यंत गेले. कराशहरला पेकिंगहून परतणारे व्यापारी भेटले. फादर रिचींच्याच वसतिस्थानी आपण राहिलो होतो, असे ते सांगत. पुरावा म्हणून त्यांनी पोर्तुगीज अक्षरे लिहिलेला कागदाचा एक तुकडा दाखविला. खताई आणि चीन एकच!

पुढे तुर्फान, हामी असे करीत १६०५ च्या अखेरीस ते चीनच्या भिंतीआड सुचौ येथे पोहोचले. पण पेकिंगला जाण्याची परवानगी मिळेना. फादर रिचींना पत्र पोहोचेपर्यंत १६०६ सालचा नोव्हेंबर उजाडला. त्यांनी धाडलेले चिनी ख्रिस्ती तरुण जुवांव फर्नांडिस मार्च १६०७ च्या शेवटी आले, तेव्हा बेंतो मरणशय्येवर होते. ११ एप्रिलला त्यांनी देह ठेवला.

खरी कसोटी लागली ती इसाक यांची. बेंतोंच्या रोजनिशीत कर्जाची नोंद होती. म्हणून तांड्यातील ऋणकोंनी ती फाडून टाकली. इसाक यांना बेड्या पडल्या आणि न्यायासाठी काही महिने झगडावे लागले. तरीही त्यांनी आणि फर्नांडिस यांनी त्या चिंधड्या जमविल्या. पेकिंगला फादर रिचींनी त्या तुकड्यांवरून आणि इसाक यांच्या मुखातून सारी हकीकत लिहून काढली. १६१५ साली ती लॅटिनमध्ये छापली गेली. आज जगाला हा प्रवास ठाऊक आहे तो मुख्यतः याच आधारावर.

इसाक मकावहून जहाजाने निघाले. वाटेत डचांनी ते पकडले. मलाक्काच्या पोर्तुगीजांनी त्यांना सोडविले. हिंदुस्थानात पाऊल ठेवताच पत्नी निवर्तल्याची वार्ता कानी आली. मग लाहोरची वाट न धरता ते चौललाच राहिले.

आपल्या इतिहासात धर्मगुरूंची नावे ठळकपणे कोरलेली असतात आणि ती असावीतच. परंतु कोणतेही मिशनकार्य एकट्याच्या बळावर उभे राहत नाही. घरदार मागे ठेवून सोबत करणारा, सोबती गेल्यावर त्याचे अपुरे काम पुरे करणारा आणि मग एखाद्या बंदरात निमूटपणे दिवस काढणारा प्रापंचिकही त्यात असतो. आपल्या प्रत्येक धर्मग्रामाच्या उभारणीत असे कितीतरी इसाक खपलेले आहेत. त्यांच्या नावाच्या चिंधड्या जमविण्याचे काम आता आपले आहे.