ऑक्टोपस व कटलफिश : शिक्षण आणि स्थलस्मृती

ऑक्टोपस आणि कटलफिश (माकूल) हे शिंपले-गोगलगायींच्याच मृदुकाय संघातले, पण शिकण्याच्या बाबतीत त्यांना मासे नि पक्ष्यांच्या पंगतीला बसवावे लागते. सामान्य ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक मेंदूत नव्हे, तर आठ बाहूंत असतात. आयुष्य मात्र जेमतेम एक-दोन वर्षांचे, त्यातही आईबापांचा सहवास नाही. हुशारी दीर्घायुष्यातून आणि कळपातून येते, हा प्राणिशास्त्रातला जुना ठोकताळा इथे साफ फसतो.

जेनिफर मॅथर यांनी बर्म्युडाच्या उथळ समुद्रात ऑक्टोपसांचा माग काढला. निष्कर्ष १९९१मध्ये प्रसिद्ध झाले. शिकारीला निघालेला ऑक्टोपस खडक चाचपत हिंडे आणि परतताना अनेकदा वेगळ्याच वाटेने बीळ गाठी. आल्या वाटेचा वास धरून हे साधत नाही. ओळखीच्या खुणा तो डोळ्यांनी टिपत असणार. आदल्या फेरीत पालथी घातलेली जागाही तो सहसा लगेच पुन्हा धुंडाळत नसे.

कटलफिशची परीक्षा काचेच्या नळीने होते. नळीत कोळंबी दिसली की तो दोन लांब संस्पर्शक फेकतो, ते काचेवर आपटतात, तो पुन्हा फेकतो. हळूहळू नेम धरणे कमी होते आणि अर्ध्या तासाच्या आत तो नाद सोडतो. दुसऱ्या दिवशीही हा धडा लक्षात असतो. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांना तो जमत नाही. मेंदूतला ऊर्ध्व खंड वाढतो, तशी स्मृती पक्की होते. नेपल्सच्या प्रयोगशाळेत बॉयकॉट व यंग यांनी ऑक्टोपसचा हाच खंड काढून पाहिला होता. शिकार करणे त्याला जमे, पण विजेचा झटका बसूनही काय टाळायचे, ते ध्यानात राहीना.

सर्वांत रंजक प्रयोग क्रिस्टेल जोझे-आल्व्ह व सहकाऱ्यांचा (२०१३). एका जागी खेकडा तासाभराने पुन्हा मिळे. दुसऱ्या जागी आवडती कोळंबी, पण तीन तासांनंतरच. कटलफिश तासाभराने खेकड्याकडे वळत, तीन तासांनी कोळंबीकडे. काय, कुठे आणि किती वेळापूर्वी, हे तिन्ही त्यांना उमगले होते. तरी शास्त्रज्ञ याला ‘घटनास्मृतीसदृश’ एवढेच म्हणतात. प्राण्याला प्रसंग खरोखर आठवतो का, हे त्याला विचारणार कसे?

२०२१मध्ये अलेक्झांड्रा श्नेल व सहकाऱ्यांनी अशीच चाचणी १०-१२ महिन्यांच्या आणि २२-२४ महिन्यांच्या कटलफिशवर घेतली. दुसरा गट म्हणजे पिकली पानेच. तरी तो कुठेच मागे पडला नाही. त्यांचा ऊर्ध्व खंड मरणाच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत शाबूत राहतो, असे संशोधकांचे स्पष्टीकरण आहे.