लैंगिक अल्पसंख्य : मुंबईचे राजकारण व दूरचित्रवाणी

समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींच्या मुंबईतील सार्वजनिक वावराची ही नोंद मुख्यतः पडद्यावरील दर्शन व राजकारण यांपुरती आहे. उपग्रहवाहिन्या आल्यावर हा विषय घराघरांत पोचला.

आरंभ : पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले, १९९४ मध्ये स्थापन झालेल्या हमसफर ट्रस्टचे ते एक संस्थापक. १९९५ मध्ये स्टार वाहिनीच्या ‘निक्की टुनाइट’ कार्यक्रमात महात्मा गांधींविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांवरून वादळ उठले आणि कार्यक्रम बंद झाला. स्वतःला समलिंगी म्हणवून कॅमेऱ्यासमोर बसण्याचे धैर्य तेव्हा फार थोड्यांत होते, ही बाब त्या गदारोळात झाकली गेली.

मोर्चा : १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदान ते गिरगाव चौपाटी असा पहिला ‘क्विअर आझादी’ मोर्चा निघाला. सुरुवातीच्या मोर्चांत मुखवटे घातलेले लोकही असत; संध्याकाळच्या बातम्यांत घरच्यांनी ओळखले तर काय, ही धास्ती खरी होती. २०२० मध्ये ऑगस्ट क्रांती मैदानाची परवानगी मिळाली नाही; आझाद मैदानावर सभा झाली.

गौरी सावंत : तृतीयपंथी कार्यकर्त्या. जन्म पुण्याचा, कार्य मुंबईत, ‘सखी चार चौघी’ या संस्थेद्वारे. तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालातील याचिकाकर्त्यांपैकी एक. २०१७ मधील विक्सच्या जाहिरातीने त्यांचा चेहरा देशभर पोचवला. वसतिगृहाकडे निघालेली मुलगी प्रवासात आपल्या आईची गोष्ट सांगते. ती आई गौरी आहे, हे प्रेक्षकाला उशिरा कळते. आईच्या मनात मुलीने डॉक्टर व्हावे असे आहे. कायदा आईला हक्क देत नाही म्हणून मुलीला मात्र वकील व्हायचे आहे. तृतीयपंथी व्यक्तीने मूल दत्तक घेण्याचा प्रश्न इतक्या थोड्या वेळात इतक्या थेटपणे मांडणारी दुसरी जाहिरात प्रस्तुत लेखकास आढळलेली नाही. त्याच वर्षी त्या ‘कौन बनेगा करोडपती’त दिसल्या. २०१९ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांना राज्यात सदिच्छादूत नेमले. त्यांच्या जीवनावरील ‘ताली’ (२०२३, दिग्दर्शन रवी जाधव) या मालिकेत सुश्मिता सेन यांनी त्यांची भूमिका केली.

ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी २०११ मध्ये ‘बिग बॉस’मध्ये होत्या.

मराठी मालिका : ‘कारभारी लयभारी’त गंगाची भूमिका तृतीयपंथी अभिनेत्रीने केली.

पक्ष व निवडणुका : तृतीयपंथी कार्यकर्त्या प्रिया पाटील यांनी २०१७ ची महापालिका निवडणूक कुर्ल्यातून लढवली, यश आले नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसने एलजीबीटी विभाग काढून त्यांना अध्यक्ष केले. वंचित बहुजन आघाडीने तृतीयपंथी कवयित्री दिशा पिंकी शेख यांना प्रवक्तेपद दिले. पक्ष पद देतात, माइक देतात. निवडून येण्याजोगी जागा देताना हात आखडतो. मध्य प्रदेशात तृतीयपंथी शबनम मौसी फार पूर्वीच आमदार झाल्या होत्या. महाराष्ट्रात भादली बुद्रुक (जि. जळगाव) येथील तृतीयपंथी अंजली पाटील यांचा महिला राखीव प्रभागातील अर्ज फेटाळला गेला होता, २ जानेवारी २०२१ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला आणि त्याच महिन्यात त्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या.