गाविलगडाचा गंडभेरुंड

अमरावती जिल्ह्यांत, चिखलदऱ्यानजीक सातपुड्याच्या माथ्यावर गाविलगडाचा किल्ला आहे. त्याच्या दिल्ली दरवाजावर एक विलक्षण पक्षी कोरलेला आढळतो. त्याला डोकीं दोन, आणि चोंचींत व पंजांत हत्ती धरलेले. हाच गंडभेरुंड. सुलतानी अंमलांत उभ्या राहिलेल्या किल्ल्याच्या दारावर हें कानडी मुलखांत मिरवणारें चिन्ह कसें आलें, हा प्रश्न पाहणाराच्या मनांत उठल्यावांचून राहत नाहीं.

बहामनी सुलतान अहमदशहानें 1425 च्या सुमारास हा किल्ला बांधविला आणि 1488 च्या सुमारास फत्तेउल्ला इमादउल्मुल्क यानें त्याची डागडुजी केली. हाच पुढें 1490 मध्यें एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, इमादशाहीचा मूळ पुरुष ठरला. फरिश्त्यानें त्याची हकीकत दिली आहे. तो मूळचा विजयनगरच्या मुलखांतील कानडी हिंदु. लहानपणीं कैद होऊन वऱ्हाडांत आला आणि मुसलमान झाला. यावरून असा तर्क निघाला कीं, थोर पदास चढल्यावरहि त्याला जन्मभूमीचें चिन्ह आठवलें व त्यानें तें दारावर कोरविलें. तर्क मोठा गोड आहे; पण तो पारखावयाचा कसा?

येथें सूचीची गरज भासते. हेन्री कझिन्स याची मध्यप्रांत व वऱ्हाडांतील प्राचीन अवशेषांची यादी 1897 मध्यें निघाली, त्यानंतर अकोल्याचें गॅझेटियर 1910 त व अमरावतीचें 1911 त. यांचे उपकार विसरतां येणार नाहींत. परंतु हीं पुस्तकें जिल्ह्याच्या शिंवेवर थांबतात. शिवाय नांवांचा घोळ निराळाच! परदेशी वस्तुसंग्रहालयाच्या सूचींत ‘अमरावती’ शोधली, तर हातीं येतात कृष्णाकांठच्या स्तूपाचे चुनखडकाचे शिलापट. आणि ‘गाविलगड’ शोधला, तर 1803 सालची वेलस्लीची लढाई.

युरोपांत 1946 सालीं लंडनच्या वॉरबुर्ग संस्थेच्या पुढाकारानें एक निराळी सूची सुरू झाली. प्राचीन ग्रीक-रोमन शिल्पांपैकीं कोणतीं शिल्पें पंधराव्या-सोळाव्या शतकांतील कलावंतांस ठाऊक होतीं, तें तींत नोंदलें जातें. एकीकडे प्राचीन वस्तु, दुसरीकडे तिच्यावरून काढलेलें रेखाटन किंवा तिचा उल्लेख करणारा कागद, आणि दोहोंची गांठ. ही सूची आतां संगणकावर आहे. तिच्यांतील घेण्याजोगी गोष्ट ही कीं, नुसतें रूपसाम्य तिला पुरत नाहीं. ती वस्तु त्या काळीं माहीत होती याचा पुरावा तिला लागतो.

हीच कसोटी गाविलगडास लावून पाहावी. तक्षशिलेच्या सिरकप नगरींत, इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका स्तूपाच्या जोत्यावर दोन डोक्यांचा गरुड आहे. कर्नाटकांत बळ्ळिगावे येथें 1047 सालचा स्तंभ आहे. त्याच्या शिरावरील भेरुंडाला देह माणसाचा व मुखें दोन. मग येतात हत्ती धरलेल्या गंडभेरुंडाचीं विजयनगरचीं प्रसिद्ध सोन्याचीं नाणीं, आणि तर्काचा सारा भर त्यांच्यावरच असतो. पण तीं अच्युतरायाचीं, म्हणजे 1529 ते 1542 या काळांतलीं. फत्तेउल्ला तत्पूर्वींच मरण पावला होता. तेव्हां दरवाजावरील शिल्प त्याच्या डागडुजींतलें असेल, तर या नाण्यांवरून तें घेतलें म्हणणें म्हणजे नातवानें आजोबास जन्म दिला म्हणण्यासारखें आहे! शिवाय बीदरच्या शर्झा दरवाजावर 1503 मध्यें वाघ कोरले गेले, आणि जंजिऱ्याच्या महाद्वारावर हत्तींना जखडणारें श्वापद आहेच. दुर्गद्वारीं असे बलवान प्राणी कोरण्याची चाल दक्षिणेंत बरीच पसरली होती.

अकोला जिल्ह्यांतील नरनाळ्याची गोष्ट निराळी. तेथील महाकाली दरवाजा याच फत्तेउल्लानें बांधविला. पांढऱ्या वालुकाश्माचा हा दरवाजा, दोहों बाजूंस दगडी जाळ्यांचे सज्जे, वर कमळें व अरबी अक्षरांच्या पट्ट्या. त्यावरील लेखांत 1486 चा काळ आणि शहाबुद्दीन महमूदशहा बहामनी याचें नांव आहे; म्हणजे तोंवर फत्तेउल्ला स्वतःस बहामनींचा चाकरच म्हणवीत होता. नरनाळ्याची नोंद अशी निःशंक करतां येते. गाविलगडाच्या पक्ष्याची करावयाची झाल्यास एका रकान्यांत बळ्ळिगावेचा स्तंभ लिहावा, दुसऱ्यांत दिल्ली दरवाजा, आणि मधला रकाना तूर्त मोकळा ठेवावा.