वजन भागिले उंचीचा वर्ग

तीन वर्षांपूर्वी मुलीच्या शाळेतून घरी एक पत्र आले. ती तेव्हा बारा वर्षांची होती. पत्रात तिची उंची, वजन, त्याखाली बीएमआयचा आकडा आणि तो तिच्या वयाच्या मानाने 'जास्त' या गटात मोडतो, असे छापलेले होते. पत्र पालकांच्या नावे होते, पण आमच्याकडे टपाल आणण्याचे काम तिचेच. मी ऑफिसातून येईपर्यंत तिने ते वाचून झाले होते. जेवताना पोळी बाजूला सारून "मला भूक नाहीये" म्हणाली. दुसऱ्या दिवशी शाळेचा डबाही तसाच परत आला.

सौ. तिला जवळ घेऊन बसली. मी मात्र धंद्याच्या सवयीने वेगळ्याच कामाला लागलो. क्लायंटने एखादा आकडा पुढे केला की तो कुठून आला हे आधी विचारायचे, हा आम्हा कन्सल्टंट मंडळींचा शिरस्ता. त्या आकड्याचे कूळ शोधता शोधता मी जवळजवळ दोनशे वर्षे मागे गेलो.

किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, या सूत्राचा जनक डॉक्टर नव्हताच. आडोल्फ केटले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ. एकाच ताऱ्याची स्थिती अनेकदा मोजली की दर वेळी थोडा फरक पडतो. सरासरी म्हणजे खरे स्थान आणि बाकी सगळ्या चुका, हे त्याच्या शास्त्रात पक्के होते. केटलेने हाच नियम माणसांना लावला. १८३५च्या ग्रंथात त्याने 'सरासरी माणूस' मांडला आणि मोठ्या माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हेही नोंदवले. त्याला कोणाला जाड ठरवायचे नव्हते, समाजाचे गणित मांडायचे होते. पण ताऱ्याच्या मोजणीत जी 'चूक' होती, ती आता तुमची-आमची अंगकाठी झाली. माझ्या मते खरी गडबड इथेच झाली.

पुढचा टप्पा विमा कंपन्यांचा. मेट्रोपॉलिटन लाइफने १९४२-४३ साली स्त्री-पुरुषांसाठी 'आदर्श वजना'चे तक्ते काढले. बांधा लहान, मध्यम आणि मोठा असे तीन रकाने होते, पण बांधा मोजायचा कसा हे सांगितले नव्हते. विमेदारांच्या मृत्यूच्या हिशेबातून निघालेला हा कागद दवाखान्यांच्या भिंतींवर जाऊन बसला.

त्याच सुमारास अमेरिकेत 'नॉर्मा' अवतरली. सुमारे पंधरा हजार तरुण स्त्रियांच्या मापांची सरासरी काढून घडवलेला हा पुतळा. १९४५ मध्ये क्लीव्हलंडच्या एका वर्तमानपत्राने स्पर्धाच लावली की नॉर्माच्या मापाची बाई शोधा! ३८६४ बायकांनी आपली मापे पाठवली. नऊच्या नऊ मापे जुळणारी एकही निघाली नाही. पाच मापे जुळणाऱ्यासुद्धा चाळीसच्या आत. यावरून पुतळाच चुकीचा आहे असे कोणाला वाटावे ना? छे! बायका व्यायाम करत नाहीत, असा निष्कर्ष तेव्हा काढला गेला. आमच्या धंद्यात मॉडेल चुकले की डेटाला दोष देतात, तो प्रकार इतका जुना आहे हे मला ठाऊक नव्हते.

'बॉडी मास इंडेक्स' हे नाव आले १९७२ साली. अँसेल कीज आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सुमारे ७४०० पुरुषांची मापे तपासली. स्त्री त्यात एकही नाही. विमा कंपन्यांच्या तक्त्यांपेक्षा केटलेचे सूत्र बरे, एवढाच त्यांचा माफक दावा. सोपे आणि फुकट असल्याने ते सगळीकडे पसरले. १९९८ मध्ये अमेरिकन सरकारच्या आरोग्य संस्थेने 'जादा वजना'ची रेघ पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ वरून खाली आणून सरसकट २५ वर ठेवली. एक घासही जास्त न खाता कोट्यवधी माणसे 'जाड' झाली. २००३ साली आर्कान्सा राज्याने शाळांतून मुलांच्या बीएमआयची पत्रे घरोघरी पाठवण्याचा कायदा केला. आमच्याकडे आलेले पत्र त्याच वंशावळीतले.

या कथेतला सर्वात महत्त्वाचा अध्याय पुण्यात घडला, याचा मला विशेष आनंद झाला. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे काटकुळी होती, पण त्यांच्यात कमतरता होती ती स्नायूंची; कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. २००४ च्या 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय बरोबर २२.३. साहेबाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या २१.२ टक्के!

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आशियाई लोकांसाठी २३ हा सावधगिरीचा टप्पा सुचवला आणि २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी जादा वजनाची रेघ २३ वर आखली. माझा बीएमआय २४.६. म्हणजे मुंबईच्या विमानतळावर उतरलो की मी 'जाड' होतो आणि परत येऊन इमिग्रेशनची रांग ओलांडली की 'नॉर्मल'.

वजनाला काही अर्थच नाही, असे माझे म्हणणे नाही. आपल्या लोकांतला मधुमेह मी माझ्याच घरात पाहिला आहे, आणि याज्ञिकांचे काम त्याचसाठी आहे. पण मधुमेहाचा धोका ओळखणे वेगळे आणि बारा वर्षांच्या पोरीला एका शब्दात निकाल कळवणे वेगळे. २०२३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही एकट्या बीएमआयवर विसंबू नका, असा ठराव केला.

आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. मी शाळेत 'काडी पहिलवान' होतो, पहिल्यांदा सुट्टीवर गेलो तेव्हा मावशीने दारातच "अमेरिका मानवली रे तुला!" म्हणून स्वागत केले. तिच्या लेखी ते कौतुक. माझी लेक लहानपणी 'गुटगुटीत' होती तेव्हा आजीने तिची दृष्ट काढली. तीच आजी ती दहा वर्षांची झाल्यावर म्हणाली, "हिला पोहायला घाला बाई, पुढे अवघड होईल." दोन्ही वेळा माया खरी होती. मुलीला मात्र दुसरेच वाक्य लक्षात राहिले.

इतिहास सांगितला आणि पोरगी लगेच जेवायला लागली, असे काही झाले नाही. महिनाभर आम्ही जेवणाच्या टेबलावर वजनाचा विषय बंद ठेवला, आणि डॉक्टरीणबाईंनी तिच्याशी एकटीशी दोनदा बोलून घेतले. आजीला फोनवर समजावण्याचे काम माझ्याकडे आले. ते सर्वात कठीण. त्या दोन डॉक्टरांचा फोटो मात्र मी मुलीला दाखवला होता. बराच वेळ पाहून तिने विचारले, "बाबा, मग हे माझ्या पत्रात का नव्हतं लिहिलं?"

मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री ती दीड पोळी जेवली. वरण-भात नको म्हणाली, पण तो तिला पहिल्यापासूनच आवडत नाही.