विसरले जाण्याचा हक्क

विंचूरचे नाव निघाले की मराठी माणसाला पानिपत आठवते. विठ्ठल शिवदेव विंचूरकर १४ जानेवारी १७६१ रोजी त्या रणांगणावर होते. गोलाची शिस्त मोडून ते रोहिल्यांवर धावून गेले, असा ठपका काही इतिहासकारांनी त्यांच्यावर ठेवला, आणि त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. हा ठपका बखरींतून आणि पुस्तकांतून खोडून टाका, असे कोणी म्हटले तर आपण ते मानणार नाही. सरदाराची रणातली कृती साऱ्या समाजाची असते. तिचा न्याय पुन्हा करावा, पण कागद नाहीसा करू नये.

परंतु साध्या रयतेच्या कागदाचे काय? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे बाहेर काढून त्यांची होळी केली. ही दंगल पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरली. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः त्या कागदांवर होता. जेथे रोखे मुकाट्याने हाती आले तेथे मारहाणीची पाळी सहसा आली नाही. अडाणी कुळाला वाचता न येणारे चार ओळींचे लिखाण त्याच्या जन्माचा मालक होऊन बसले होते. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. केवळ रोख्यावरचा आकडा न पाहता कर्जाचा हिशेब मुळापासून तपासण्याची वाट न्यायालयांना त्याने मोकळी करून दिली. कागद हाच अखेरचा शब्द नव्हे, हे तत्त्व आपल्याकडे असे रुजले.

त्या काळी कागदाला वैरीही पुष्कळ होते. वाळवी, ओल आणि आग यांनी कितीतरी जुनी लाज आपोआप झाकली. इंटरनेटला वाळवी लागत नाही. समजा, एखाद्याच्या जमिनीच्या लिलावाची नोटीस वर्तमानपत्रात आली, पुढे त्याने पैपैसा फेडला. तरी वीस वर्षांनी मुलीच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांनी नाव टंकताच तीच नोटीस पहिली पुढे येते.

स्पेनमधील एका गृहस्थावर नेमका हाच प्रसंग आला. त्याचे नाव येथे मुद्दामच घेत नाही. १९९८ साली सरकारी देण्यापायी त्याच्या मालमत्तेच्या लिलावाची नोटीस छापली गेली होती. १३ मे २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, नावावरून शोध घेतला असता ही निरुपयोगी झालेली माहिती गुगलने दाखवू नये. वर्तमानपत्राच्या दप्तरातली नोटीस मात्र कायम राहिली. दप्तर जपावे, पण येणाऱ्याजाणाऱ्याला तेथवर नेणारा वाटाड्या कायमचा दारात उभा करू नये, असा या निकालाचा मथितार्थ आहे.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी आपल्या निकालपत्रात विसरले जाण्याच्या हक्काचा स्वतंत्र विचार केला, आणि तो हक्क निरपवाद नाही हेही बजावले. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून वा खोडून मागण्याची तरतूद आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघून तो टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागला. संशोधन व जतन यांसाठी त्यात सवलत आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

धोका आहे तो दुसऱ्या बाजूने. याच कायद्याने माहिती अधिकाराचे एक कलम बदलले. वैयक्तिक माहिती नाकारण्याच्या त्या कलमात सार्वजनिक हिताचा जो अपवाद होता, तो गेला. एका वेगळ्या कलमात तो शिल्लक आहे. रयतेसाठी विणलेले पांघरूण सत्ताधाऱ्याने ओढून घेऊ नये, याची राखण नागरिकांनाच करावी लागेल.

म्हणून कसोटी एकच ठेवावी. ज्याने सत्ता वापरली, त्याचा हिशेब पानिपताइतका लांबवरही मागता यावा. ज्याने केवळ कर्ज काढले, फेडले आणि पुन्हा मान वर करून चालू लागला, त्याला मात्र गावाने विसरू द्यावे.